दालपुरी वेगळी, बसप-शट वेगळी

कॅरिबियनमधल्या त्रिनिदादला जाऊन आलेला मराठी माणूस जेवणाचा फोटो दाखवतो आणि हमखास म्हणतो, 'तिथली रोटी, अगदी आपल्यासारखीच.' फोटोत कधी डाळ भरलेली दालपुरी असते, कधी आपटून फोडलेली, पदरांची बसप-शट. दोन्ही मोठ्या, दोन्ही मऊ, म्हणून दोन्हींना 'पराठा' म्हणून मोकळं व्हायचं. मी चार वर्षं त्या बेटावर कूव्हा गावात राहिले, आणि हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. चुकीची मागवली तर पैसे वाया जात नाहीत, पोट भरतंच, पण एक फार चांगलं जेवण हातातून निसटतं.

आधी 'रोटी' हा शब्द. त्रिनिदादच्या दुकानात 'एक रोटी' म्हणजे एक पोळी नव्हे. रोटी म्हणजे रस्सा-भाजी आत भरून चौकोनी गुंडाळलेलं अख्खं जेवण. माझी मावशी आली होती तेव्हा तिने दुकानात आपल्या हिशेबाने चार रोट्या आणि थोडा चणा मागितला. समोर चार जाडजूड पुडकी आली, प्रत्येकात चणा-बटाट्याचा रस्सा भरलेला, आणि चण्याचा डबा वर वेगळा. एकेक पुडकं एका कामकरी माणसाचं दुपारचं जेवण. दुकानदाराची त्यात काहीच चूक नव्हती. नुसती पोळी हवी असेल तर 'स्किन' मागायची. आणि चिकन किंवा बकरा घेणार असाल तर 'बोनलेस' आधीच सांगा, नाहीतर हाडांसकट गुंडाळून येतं. मला हाडांचंच आवडतं, पण ते बसून, वेळ काढून खायचं.

आता बसप-शट. यावर फार लिहीत नाही, कारण लच्छा पराठा तुम्हाला ठाऊक आहे. मैद्याची मऊ कणीक, लाटून त्यावर तूप किंवा तेल, मध्यापासून कडेपर्यंत एक चीर, मग गुंडाळी करून शंकूसारखा गोळा आणि पुन्हा लाटणं. गोळ्याला तिथेही 'लोया' म्हणतात, तव्याला तवाच. फरक शेवटी आहे. तव्यावर असतानाच दोन लाकडी उलथण्यांनी, म्हणजे 'डब्ला'ने, ती दोन्ही बाजूंनी आपटून आपटून फोडायची. पदर सुटतात, चिंध्या होतात. बसप-शट म्हणजे तिथल्या बोलीत 'फाटका शर्ट'. नाव ऐकून विचित्र वाटेल, पण ताटातला ढीग बघितला की पटतं.

लोक अडतात ते दालपुरीपाशी. आपल्याकडचा माणूस नाव ऐकतो, 'डाळ भरलेली' एवढं समजतो, आणि मनात पुरणपोळी आणतो, फक्त गूळ नसलेली. घरी करून बघायची तर तो हरभऱ्याची डाळ मऊ शिजवतो, पुरणासारखी वाटतो, गोळा करून भरतो. पोळी होते, चवीलाही बरी लागते, पण ती दालपुरी नव्हे.

पहिली गोष्ट, डाळ हरभऱ्याची नसते, वाटाण्याची पिवळी डाळ असते. हा फरक लहान आहे. मोठा फरक डाळ किती शिजवायची यात आहे, आणि तो मला शेजारच्या घरातल्या आजींनी दाखवला. (तिथल्या भारतीय घरांत वडिलांच्या आईला 'आजी'च म्हणतात आणि आईच्या आईला 'नानी'. भारतातून गेलेल्या, भोजपुरी बोलणाऱ्या मजुरांनी नेलेले शब्द आहेत ते, पण परक्या बेटावर कुणा नातवाने 'आजी' अशी हाक मारलेली ऐकली की मराठी माणूस मान वळवतोच.) आजींनी हळद घालून डाळ उकळत ठेवली होती. थोड्या वेळाने चमच्याने एक दाणा काढला आणि अंगठा आणि बोटात धरून दाबला. दाणा दोन-तीन तुकड्यांत फुटला. त्यांनी लगेच गॅस बंद केला. 'पसरला असता तर गेलं सगळं,' म्हणाल्या. मग डाळ चाळणीत ओतली, ताटात पसरली, पंख्याखाली पूर्ण गार आणि कोरडी होऊ दिली आणि मगच दळली. त्यात लसूण, तिखट मिरची, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, ज्याला तिथे 'गीरा' म्हणतात. हाताने उचलून वरून सोडली तर भुरभुरत खाली पडायची, रव्यासारखी. गोळा बांधू म्हटलं तरी बांधला जात नव्हता.

गाळलेलं पाणी मी मागून घेतलं, कटाची आमटी करावी म्हणून. आमटी झाली, पण अगदी पातळ. तेव्हा डोक्यात नीट उतरलं: डाळ इतकी कमी शिजली होती की पाण्यात काही उतरलंच नव्हतं. पुरणाची डाळ आपण कट निघेपर्यंत शिजवतो. दालपुरीची डाळ त्याच्या बरीच अलीकडे थांबवायची.

असं का, ते लाटताना कळतं. पुरण पोळीला चिकटतं, त्याचा एक सलग थर होतो, आणि पुरणपोळी म्हणून तेच हवं असतं. दालपुरीत कोरडी डाळ लाटताना वाळूसारखी सगळीकडे सरकते, कडेपर्यंत जाते, पण वरच्या आणि खालच्या पापुद्र्याला चिकटत नाही. तव्यावर पोळी फुगते तेव्हा दोन पापुद्रे वेगळे आणि मध्ये मोकळी डाळ. मग आत रस्सा भरून गुंडाळली की ती डाळ रस्सा पिते. रस्सा बाहेरच्या पापुद्र्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून पुडकं हातात धरून शेवटच्या घासापर्यंत खाता येतं. डाळ ओली, पुरणासारखी असेल तर ती रस्सा पिऊच शकत नाही. पोळी लाटताना फाटते, गुंडाळल्यावर तळाशी लगदा होतो. दालपुरीतली डाळ चवीपुरती आहे असं कुणी सांगितलं तर अजिबात मानू नका. रस्सा धरून ठेवणं हे तिचं काम आहे.

म्हणून कोणती कधी मागवायची हा आवडीचा प्रश्न कमी आणि कामाचा जास्त. चालता चालता, समुद्रावर, गाडीत खायचं असेल तर दालपुरी. बसून, हाताने, तीन-चार भाज्यांबरोबर खायचं असेल तर बसप-शट, कारण तिच्या चिंध्या रस्सा टिपायला आहेत, धरायला नाहीत. बसप-शटमध्ये रस्सा गुंडाळून द्या म्हणून आग्रह धरणारे पाहुणे मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. ज्या बाईने ती आपटून पदर सोडवले, तिची सगळी मेहनत त्यात गुदमरते. आणि बसप-शट गरम असतानाच खायची. दालपुरी मात्र दुसऱ्या दिवशी तव्यावर गरम केली तरी चांगली लागते. आम्ही तर स्किन आणून फ्रीझरमध्ये ठेवायचो.

न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींचा गोंधळ आणखी वाढतो. क्वीन्समधल्या रिचमंड हिलला लिबर्टी ॲव्हेन्यूवर गयानाची आणि त्रिनिदादची दुकानं शेजारी शेजारी आहेत. गयानाच्या माणसाने 'रोटी' म्हटलं की त्याच्या मनात तेल लावलेली, हातांनी टाळ्या वाजवल्यासारखी आपटून सोडवलेली पदरांची रोटी असते. त्रिनिदादच्या माणसाच्या मनात गुंडाळलेली दालपुरी. एकाच रस्त्यावर एकच शब्द उच्चारून दोन वेगळी जेवणं मिळतात. दुकान कुणाचं ते आधी बघा.

बाकीचे घोळ किरकोळ आहेत. 'सादा रोटी' ही जाडसर, फुगणारी, सकाळची. तिच्याबरोबर 'चोका' मागा, तो आपल्या वांग्याच्या भरताचा भाऊच, विस्तवावर भाजलेला आणि वरून गरम तेलात कांदा-लसणाची फोडणी. 'डबल्स' म्हणजे रोटी नव्हे आणि छोले-भटुरेही नव्हेत: दोन छोटे, हळदीचे, मऊ तळलेले 'बारा' आणि मध्ये ओलसर चणा, तेही सकाळी गाडीवर उभ्याने खायचं. 1936 च्या सुमाराला प्रिन्सेस टाउनमध्ये इमामूल दीन आणि त्यांच्या पत्नी रसुलन यांनी ते सुरू केले. दक्षिणेला देबे गावी रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर डबल्सबरोबर सहीना, फुलौरी, आलू पाय असे तळलेले पदार्थ, सगळं मिळतं, तिथे मुद्दाम जावं. 'भाजी' म्हटलं तर फक्त पालेभाजी येईल. आणि मिरचीबद्दल विचारलं की 'स्लाइट', म्हणजे अगदी थोडी, म्हणायचं. कोल्हापूरचा अभिमान तिथे बाजूला ठेवा. मोरुगा स्कॉर्पियन मिरची त्याच बेटावरची आहे, आणि 2012 साली न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाच्या मिरची संस्थेने तिला जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं होतं.

शाकाहारी माणसाने तर बसप-शट एखाद्या पूजेच्या किंवा लग्नाच्या घरीच खावी, आणि ओळख निघाली तर आमंत्रण मिळायला तिथे वेळ लागत नाही. 30 मे 1845 ला 'फातेल रझाक' जहाजातून भारतातले पहिले मजूर त्रिनिदादला उतरले, 1917 पर्यंत माणसं येत राहिली, आणि त्यांनी आणलेली पंगत अजून तशीच आहे. केळीच्या पानाऐवजी 'सोहारी'चं रुंद, हिरवंगार पान असतं. त्यावर भात, डाळ, चणा-आलू, भोपळ्याची 'तरकारी', भाजी आणि सालीसकट, कोयीसकट शिजवलेल्या कैरीचा गोडसर-तिखट रस्सा. मधोमध बसप-शटचा वाफाळता ढीग. आजींच्या घरी सत्यनारायणाला मी पहिल्यांदा तशी जेवले. चमचा दिलेला नव्हता, त्याची गरजही नव्हती. एक चिंधी उचलायची, भोपळ्यात बुडवायची, दुसरी कैरीत. कोय शेवटी चोखायची, आणि ती चोखत असताना पानावर दुसरा ढीग येऊन पडतो.