फ्लश भारी की सिक्वेन्स?

दिवाळीत तीन पत्ती खेळून तयार झालेला माणूस पहिल्यांदा पोकरला बसला की एका ठिकाणी हमखास अडखळतो. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने लागलेली पानं) कलरला (एकाच रंगाच्या पानांना) मारतो. पोकरमध्ये बरोबर उलटं आहे. पाचही पानं बदामाची (किंवा इस्पिक, चौकट, किलवर यांपैकी एकाच रंगाची) आली तर तो फ्लश, आणि तो ओळीने लागलेल्या पाच पानांना, म्हणजे स्ट्रेटला, हरवतो. कुणीतरी लहर आली म्हणून असं ठरवलं असावं, असा संशय येतो. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर दोन्ही खेळ आपापल्या जागी बरोबर निघतात.

आधी खेळ कसा चालतो ते पाहू. आज जगात सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सस होल्डेम. लास वेगासमध्ये 1970 पासून भरणाऱ्या ‘वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा याच प्रकारात होते आणि पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंमध्येही पोकरच्या टेबलावर साधारण हाच डाव दिसतो. प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळतात. मग टेबलाच्या मधोमध सगळ्यांसाठी सामायिक पानं उघडतात: आधी एकदम तीन, मग एक, मग शेवटचं एक. पानं वाटण्याआधी दोन खेळाडूंना सक्तीने पैसे टाकावे लागतात, त्याला स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड म्हणतात. तीन पत्तीत पानं न बघता खेळतात त्या ब्लाइंडशी याचा संबंध नाही; काम बूटचं, म्हणजे डाव सुरू होताना टाकायच्या रकमेचं, फक्त ते दोघांच्याच खिशातून जातं. पैसे लावण्याच्या फेऱ्या चार. प्रत्येक फेरीत समोरच्याइतके पैसे टाकायचे, वाढवायचे किंवा पानं टाकून बाहेर पडायचं. कुणी अजून काही लावलंच नसेल तर नुसतं ‘चेक’ म्हणून पुढे जाता येतं. शेवटी दोघं-तिघं उरले तर शो होतो, म्हणजे पानं उघडून दाखवली जातात, आणि आपली दोन व मधली पाच अशा सात पानांतून ज्याची उत्तम पाच पानं जमतात, तो सगळी रक्कम उचलतो.

शो होईलच असं मात्र नाही. बाकीचे घाबरून बाहेर पडले तर हातात काहीही नसलेला माणूसही जिंकतो आणि त्याला पानं दाखवावी लागत नाहीत. या थापेबाजीने जॉन फॉन नॉयमनसारख्या गणितज्ञालाही भुरळ घातली होती. ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञासोबत त्याने 1944 साली गेम थिअरीचा (डावपेचांच्या गणिताचा) जो पायाभूत ग्रंथ लिहिला, त्यात पोकर आणि थाप यांवर एक स्वतंत्र विभाग आहे. पण तो विषय मोठा आहे. आपण शोपाशी थांबू, कारण गंमत तिथेच आहे.

52 पानांच्या कॅटमधून पाच पानं उचलण्याच्या एकूण तऱ्हा 25,98,960. पोकरची उतरंड एका तत्त्वावर उभी आहे: यांतला जो हात जितका दुर्मीळ, तितका तो वरचा. फ्लश मोजून पाहू. एका रंगात 13 पानं, त्यांतून पाच निवडण्याच्या तऱ्हा 1,287. रंग चार, म्हणजे 5,148. स्ट्रेट किती? एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजीपासून दश्शी-गुलाम-राणी-राजा-एक्क्यापर्यंत ओळी दहा होतात. ओळीतलं प्रत्येक पान चारांपैकी कुठल्याही रंगाचं चालतं, म्हणून चारला पाच वेळा गुणायचं, 1,024. गुणिले दहा, 10,240. दोन्हींत 40 हात सामाईक आहेत, जे ओळीनेही लागलेत आणि एका रंगाचेही आहेत. तो स्ट्रेट फ्लश, सगळ्यांत वरचा. त्यांतले दश्शी ते एक्का असे चार म्हणजे प्रसिद्ध रॉयल फ्लश. ते 40 वजा केले की फ्लश उरतात 5,108 आणि स्ट्रेट 10,200. फ्लश निम्म्याने दुर्मीळ, म्हणून भारी.

बाकीची उतरंड याच हिशेबाने लागते. स्ट्रेट फ्लशखाली एकाच किमतीची चार पानं (624 हात), मग तीन-दोन असं जमलेलं फुल हाउस (3,744), मग फ्लश, स्ट्रेट, एकसारखी तीन पानं (54,912), दोन जोड्या (1,23,552), एक जोडी (10,98,240). काहीच न जमलेले हात 13,02,540, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. दोघांकडे एकच प्रकार आला तर मोठी किंमत जिंकते, जोडीही सारखीच असली तर उरलेल्या पानांतलं मोठं पान निकाल लावतं. इस्पिक बदामापेक्षा मोठं वगैरे इथे काही नाही. पाचही पानं बरोबरीची निघाली तर पैसे वाटून घ्यायचे.

आता हाच हिशेब तीन पानांवर करा. एकूण हात 22,100. तीन पानांच्या ओळी 12 होतात, प्रत्येकीच्या 64 तऱ्हा, एकूण 768. कलरचे 1,144. दोन्हींतून 48 प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाच्या ओळी) काढले की सिक्वेन्स उरतात 720 आणि कलर 1,096. पानं कमी झाली की ओळ लागणं तुलनेने अवघड ठरतं. म्हणजे आपल्या फराळानंतरच्या डावातला नियम पक्का आहे. एक खोट मात्र आहे. तीन एक्के किंवा तीन राजे अशी ट्रेल 52 प्रकारे लागते आणि प्युअर सिक्वेन्स 48 प्रकारे. दुर्मिळतेने पाहिलं तर प्युअर सिक्वेन्स वर हवा, पण मान ट्रेललाच. चार हातांचा फरक बसल्या बैठकीत कुणाच्या लक्षात येणार?

पोकरवाल्यांनी फार हसू नये, कारण होल्डेममध्ये त्यांचीही उतरंड बिघडलेली आहे. वरचे आकडे पाच पानांचे. होल्डेममध्ये पाच निवडायला सात पानं असतात. सात पानांच्या 13,37,84,560 हातांपैकी एक जोडी 5,86,27,800 वेळा येते, दोन जोड्या 3,14,33,400 वेळा आणि काहीच न जमणं फक्त 2,32,94,460 वेळा. सात पानांत रिकामा हात ही दोन जोड्यांपेक्षाही दुर्मीळ गोष्ट आहे! मग रिकाम्या हाताला जोडीच्या वर बसवा? बसवलं की एक जोडीवाला जोडीतलं एक पान बाजूला ठेवून उरलेल्या सहांतून पाच दाखवेल आणि म्हणेल, माझ्याकडेही काही नाही. दोन जोड्यांवालाही तेच करेल. कालचा दुर्मीळ हात आज सगळ्यांकडे.

याचं सर्वांत सुबक रूप जोकरमुळे दिसतं. पाच पानांच्या पोकरमध्ये एक जोकर टाका, जो कुठल्याही पानाचं सोंग घेऊ शकतो. जोकर आणि एक जोडी हातात आली तर जोकर जोडीला जाऊन तिघं करतो, किंवा तिसऱ्या पानाला जाऊन दोन जोड्या. असे हात 82,368. नियमाप्रमाणे तिघं वरची, म्हणून सगळे तिघंच जाहीर करतात. मग तिघं होतात 54,912 अधिक 82,368, म्हणजे 1,37,280, आणि दोन जोड्या राहतात 1,23,552. तिघं आता जास्त सामान्य झाली, तेव्हा नियम बदलून दोन जोड्यांना वर ठेवू. झालं! तेच 82,368 हात पलटी मारून दोन जोड्या होतात. त्यांची संख्या 2,05,920 आणि तिघं पुन्हा 54,912. कुठलाही क्रम लावा, जो हात वर ठेवला तोच सोपा होऊन बसतो. दुर्मिळतेवर क्रम लावायचा आणि क्रमावरून दुर्मीळता ठरायची, असं हे चक्र आहे.

अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये पाय गाव पोकर नावाच्या खेळात जोकर असतो, पण त्याचे हात बांधलेले असतात. तो एक्का म्हणून चालतो, किंवा स्ट्रेट, फ्लश वा स्ट्रेट फ्लश पूर्ण करायला. राजाच्या जोडीला तो तिसरा राजा होऊ शकत नाही. एक्क्यांच्या जोडीला मात्र तिसरा एक्का होतो आणि चार एक्के हातात असतील तर पाचवाही.