मातीतील सेंद्रिय आम्ले व अन्नद्रव्यांचे मापन

मातीतील सेंद्रिय आम्ले आणि वनस्पतींना लागणारी अन्नद्रव्ये प्रयोगशाळेत मोजण्याच्या पद्धती. जे मोजायचे ते आधी मातीतून द्रावणात उतरवावे लागते. त्यामुळे अहवालातला आकडा जितका मातीचा, तितकाच तो उतरवणाऱ्या द्रावणाचाही असतो.

नमुना सावलीत वाळवून, ढेकळे फोडून २ मिमीच्या चाळणीतून काढतात. सेंद्रिय कर्बासाठी (कार्बनसाठी) रूढ असलेल्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत (१९३४) तो आणखी बारीक करून त्यावर पोटॅशियम डायक्रोमेट व तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालतात. आम्ल मिसळताना निघणाऱ्या उष्णतेवरच कर्बाचे ऑक्सिडीकरण होते. उरलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटच्या अनुमापनाने, म्हणजे ते ब्युरेट या खुणांच्या नळीतून थेंबथेंब सोडून, मोजतात. शेवटच्या एका थेंबासरशी चंबूतला जांभळट निळा रंग लख्ख हिरवा होतो. चंबू ब्युरेटखाली जाण्याआधीच हिरवा पडला असेल, तर डायक्रोमेट संपलेले असते आणि कमी माती घेऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. या पद्धतीत सरासरी ७७ टक्केच कर्ब हाती लागतो असे धरून उत्तराला सुमारे १.३ ने गुणतात. कोळशाच्या रूपातला कर्ब बहुतांशी निसटतोच.

स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) बाबतीत द्रावणाची निवड निर्णायक ठरते. आम्लधर्मी मातीला ब्रे पद्धत (१९४५) चालते. चुनखडीच्या मातीत मात्र तिच्यातले आम्ल चुन्यावरच खर्ची पडते. तिथे ८.५ सामूचे (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) सोडियम बायकार्बोनेट वापरणारी ओल्सेन पद्धत (१९५४) घेतात. या दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणे चूक. पालाश (पोटॅशियम) अमोनियम ॲसिटेटने काढून फ्लेम फोटोमीटरवर मोजतात, तर एकूण नत्रासाठी (नायट्रोजनसाठी) केल्डाल पद्धत (१८८३) आहे.

सेंद्रिय आम्लांपैकी ह्युमिक व फल्विक ही अल्कलीत विरघळतात. अर्काचा सामू १ च्या आसपास आणला की ह्युमिक आम्ल गाळ होऊन खाली बसते, फल्विक द्रावणातच राहते. खरी कसरत मुळांतून पाझरणाऱ्या सायट्रिक, मॅलिक, ऑक्झॅलिक अशा लहान आम्लांची. लोह व ॲल्युमिनियमला जखडलेला स्फुरद ती मोकळा करतात, पण स्वतः अत्यल्प असतात आणि सूक्ष्मजीव त्यांचा काही तासांत फडशा पाडतात. म्हणून इथे वाळवलेला नमुना कामाचा नाही. ताज्या मातीतले पाणी थंड ठेवून, गाळून लगेच एचपीएलसी या, द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर घेतात. गाळणी बारीक नसेल, तर बाटलीत शिरलेले जिवाणू तिथेही आम्ले खात राहतात.