पद्मिनी सकाळी रुसते की दुपारी?

जुनी प्रीमियर पद्मिनी स्टार्ट होत नसेल, तर पाना उचलण्याआधी एवढंच विचारा: कधी होत नाही? आठवडाभर उभी राहिल्यावर, की चहाला पंधरा मिनिटं थांबल्यावर? तक्रार एकच, पण दुखणी निराळी.

या 1089 सीसीच्या गाडीत पेट्रोलची टाकी मागे, आणि ते खेचून आणणारा छोटा यांत्रिक पंप पुढे, थेट इंजिनालाच जोडलेला. आत एक रबरी पडदा, ज्याला मिस्त्री डायफ्राम म्हणतात. इंजिन फिरलं तरच तो हलतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं. पंपाचा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर नळीतलंही टाकीकडे परततं. मग ते पुन्हा वर येईपर्यंत सेल्फ मारत बसा, बॅटरी रडेपर्यंत. पंपाला हाताची दांडी असेल तर आधी ती दहा-पंधरा वेळा हलवा, मग चोक, म्हणजे इंजिनाची हवा कमी करणारा खटका, ओढा.

दुपारचं दुखणं जास्त मजेशीर. पेट्रोल हे मिश्रण. त्यातले हलके घटक 35-40 अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात. चालत्या गाडीत पंखा आणि पाणी उष्णता वाहून नेतात. गाडी बंद केली की दोन्ही थांबतात, लोखंड मात्र तापलेलंच. त्यामुळे बंद केल्यावर बॉनेटखालची हवा आणखी तापते! पंपात वाफ झाली की पडदा नुसती वाफच दाबतो आणि फुगवतो, पेट्रोल जागचं हलत नाही. त्यात पंप ओढतो तिथे दाब कमी, म्हणजे पेट्रोल आणखी लवकर उकळणार. घाटात बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकणारे ड्रायव्हर भौतिकशास्त्रच वापरत होते: पाणी उडताना पंपाची उष्णता घेऊन जातं.

कधी उलटंच होतं. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडतं आणि गाडी ‘फ्लड’ होते. अशा वेळी अॅक्सिलरेटर पंप करणं म्हणजे बुडत्याला पाणी पाजणं; प्रत्येक दाबाला आणखी पिचकारी उडते. चोक आत ढकला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा, आणि सेल्फ मारा.

यातलं नेमकं काय झालंय, ते इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग सांगतो. ओला आणि वासाचा असेल तर पेट्रोल जास्त. कोरडा असेल तर पोचतच नाही. कोरडा निघाला, तर इंजिन थंड होऊ द्या, प्लगला वीज पुरवणाऱ्या कॉइलची वायर काढा, कार्ब्युरेटरकडची नळी काचेच्या बाटलीत सोडा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. (विडीवाल्याला लांब पाठवा.) पेट्रोल ठोक्याठोक्याने उडायला हवं. उडतंय तरी प्लग कोरडा, तर वाटीत पेट्रोल सोडणारी सुई अडकलीय किंवा जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात, कचरा. उडत नसेल तर आधी फिल्टर तुंबलाय का बघा, मग पडद्यावर संशय घ्या, किंवा टाकीकडच्या नळीवर. तिथली बारीक चीर फसवी असते: गाडी चालू असताना पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते.

पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर मऊ करतं, शिवाय पाणीही शोषतं. फिल्टरमध्ये काळे कण दिसले, तर कार्ब्युरेटर खोलण्याआधी नळ्या बदला. ते कण बहुतेक नळीच्या आतल्या रबराचेच असतात.