विहिरीत टेप सोडून काय कळतं?

जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा सरला की ऑक्टोबर. वर्षातून या चार वेळा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा माणूस ठरावीक विहिरीवर येतो, टेप सोडतो, पाणी किती मीटरवर लागलं ते टिपून पुढच्या गावाला निघतो. पाण्याचा हिशेब या यंत्रणेकडे. राज्यभरात अशा साडेतीन हजारांहून अधिक निरीक्षण विहिरी आहेत. एका नोंदीला फारसा अर्थ नसतो. त्याच विहिरीची, त्याच महिन्यांतली, वर्षानुवर्षांची नोंद मात्र मोलाची असते. कुठल्या शिवारात किती पाणी उरलं, हे तिच्यामुळेच सांगता येतं.

हिशेब असा. मे आणि ऑक्टोबरच्या पातळीतला फरक म्हणजे पावसानं विहीर किती चढली ते. चार मीटर चढली, म्हणून जमिनीत चार मीटर पाणी साठलं असं होत नाही. काळ्या पाषाणात पाणी राहतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरात. उपशाला हाती लागतं ते खडकाच्या आकारमानाच्या साधारण एक ते तीन टक्के. दोन टक्के धरले, तर एक चौरस किलोमीटर शिवारात चार मीटर चढ म्हणजे आठ कोटी लिटर पाणी. ऐकायला प्रचंड. तेच पाणी त्या शंभर हेक्टरांवर पसरलं तर होतं 80 मिलिमीटर, म्हणजे गव्हाच्या ओलिताची जेमतेम एक पाळी. मला वाटतं, विदर्भातल्या प्रत्येक ग्रामसभेत हे गणित एकदा तरी फळ्यावर मांडलं जावं.

पश्चिम विदर्भाचा बहुतेक भाग सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. लाव्हा एकदाच आला नाही, थरावर थर येत गेला. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट पाषाण, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. पुढे या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली. त्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या गेरूचा पट्टाही सापडतो. म्हणून एकाच्या विहिरीला झिजलेला मांजऱ्या लागतो आणि पाणी फुटतं, तर धुऱ्यापलीकडच्या शेतात शंभर फुटांवरही कोरडा पाषाण निघतो. यात नशिबाचा भाग नाही, खडकाचा आहे.

खोदण्याआधी हा खडक ओळखायची एक रीत आहे. जमिनीत लोखंडी सळया ठोकून दोन सळयांतून वीज सोडायची, मधल्या दोन सळयांत दाब मोजायचा आणि सळयांमधलं अंतर वाढवत न्यायचं. अंतर वाढेल तशी खोलीची माहिती मिळत जाते. घट्ट पाषाण विजेला जास्त विरोध करतो, ओला झिजलेला थर कमी.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात मात्र हेच यंत्र फसवू शकतं. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात पाषाणावर नदीनं आणलेल्या गाळाचे जाड थर आहेत. त्यात चिकणमाती भरपूर, पाण्याचा निचरा संथ, त्यामुळे क्षार तिथेच राहतात. चिकणमातीही विजेला कमी विरोध करते आणि खारं पाणी तर त्याहून कमी. आकडा म्हणतो पाणी आहे, आणि पाणी असतंही, पण पिण्याजोगं नसतं. ओलिताला वापरलं तर त्यातल्या सोडियमनं काळी जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होते. इथे खोल बोअर मारणं हा उपाय नव्हे. पावसाचं गोडं पाणी शेततळ्यात धरून ठेवणं हाच शहाणपणा, आणि तो खडकाच्या अभ्यासातूनच आलेला आहे.

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्याचं दुखणं निराळं. पाणी गोडं, जमीन उत्तम, बागा देखण्या. पण भरण्यापेक्षा उपसा जास्त झाला. लोक त्याला ‘डार्क झोन’ म्हणतात, यंत्रणेच्या भाषेत ‘अतिशोषित’. अर्थ सरळ आहे: पाऊस वर्षभरात जेवढं पाणी जमिनीत मुरवतो, त्याच्या शंभर टक्क्यांहून अधिक उपसा. बोअर आणखी खोल नेल्यानं खाली नवं पाणी तयार होत नाही. शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी आधी उपसलं जातं, इतकंच.

भंडारा-गोंदियाकडे जमीन पुन्हा बदलते. तिथे लाव्हाच्या कितीतरी आधीचा, फार प्राचीन कठीण खडक आहे. त्याचा झिजलेला थर पातळ, म्हणून पाणी खाली साठवण्यापेक्षा वर अडवणं सोयीचं. कोहळी समाजानं बांधलेले तलाव, आजचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, हे त्या खडकाला दिलेलं अचूक उत्तर आहे.

खोलीला आणखी एक किंमत असते. खडकात फार काळ राहिलेल्या पाण्यात फ्लोराइड उतरू शकतं. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांनी दातांवरच्या डागांच्या, हाडांच्या विकारांच्या रूपानं ते सोसलं आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असू नये. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. नमुना प्रयोगशाळेत गेला तरच कळतं. म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि नंतर होणारी तपासणी पातळीच्या मोजणीइतकीच महत्त्वाची आहे.

2022 पासून केंद्रीय भूजल मंडळ आणि राज्यं मिळून भूजलाचा अंदाज दरवर्षी काढतात. पूर्वी त्यात काही वर्षांचं अंतर पडत असे. गावाच्या दृष्टीनं मात्र सगळ्यात उपयोगी आकडा पावसाळ्यानंतरचा. ही पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून कुठल्या गावांत टंचाई येऊ शकते, याची यादी केली जाते. बहुतेक गावांत तिची चर्चा होते ती टँकर मागायची वेळ आल्यावर. ती रब्बीच्या पेरणीआधी व्हायला हवी. पातळी सरासरीच्या खाली असेल, तर गहू सोडून हरभरा पेरायला तेव्हा अजून वेळ असतो.