फायबर वाळत नसतं

मागच्या मे महिन्यात ताईच्या गच्चीवर दोन गोष्टी उन्हात पडल्या होत्या. जुन्या साडीवर कुरडया, आणि पलीकडे दोन विटांवर टेकवलेला भाच्याच्या दोन सीटच्या गाडीचा फायबरचा बंपर. छत्रपती संभाजीनगरचं ऊन, पारा बेचाळिशीला. ताई ओरडत होती, "काय करू लागलास रे? कुरडयांना रंगाच्या दुकानाचा वास येऊ लागला!" भाचा थंडपणे म्हणाला, "वाळू लागलंय आई. उद्या काढतो."

कुरडया वाळत होत्या हे खरं. बंपर वाळत नव्हता. फायबर वाळतं हा गैरसमज वाळूजच्या गॅरेजपासून आमच्या स्टाफरूमपर्यंत सगळीकडे आहे, आणि मला तो सहन होत नाही.

वाळणं म्हणजे पाणी उडून जाणं. कुरडई वाळली की वजनाला हलकी होते. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि तिच्यात मुरवलेला चिकट माल, रेझिन. त्या रेझिनचं वजन जवळपास तेवढंच राहतं, त्यातलं स्टायरीन नावाचं द्रव थोडं उडतं, त्याचाच तो वास. पातळ काकवीसारखा माल दगड होतो तो काही निघून गेल्यामुळे नाही, तर आतल्या आत जोडला गेल्यामुळे.

रेझिनच्या डब्यात पॉलिएस्टरच्या आखूड साखळ्या असतात आणि त्यांना पातळ ठेवणारं स्टायरीन. दोघांकडेही कार्बनचे दुहेरी बंध आहेत. शाळेतलं इथीन आठवा. माल कडक व्हावा म्हणून त्यात घालतात ते हार्डनर म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड. त्यात दोन ऑक्सिजनमधला बंध फार कच्चा असतो. रेझिनमध्ये आधी मिसळलेलं कोबाल्ट तो तोडतं आणि मुक्त मूलक तयार होतात, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारे उपद्रवी तुकडे. लहानपणीचा साखळीचा खेळ आठवतो? ज्याला शिवलं त्याने हात धरायचा आणि टोकाच्या गड्याने पुढच्याला शिवायचं. मूलक दुहेरी बंधाला शिवतो, बंध उघडतो, दोघं जोडले जातात आणि एकटा इलेक्ट्रॉन नव्या टोकाला जातो. तो पुढच्या स्टायरीनला शिवतो, ते आणखी पुढच्याला, मधेच एखाद्या पॉलिएस्टर साखळीला. असं करत करत स्टायरीनचे पूल सगळ्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतात. शेवटी अख्खा बंपर म्हणजे जवळजवळ एकच अवाढव्य रेणू. मला हे दरवर्षी सांगताना अंगावर काटा येतो, मुलं मात्र घड्याळाकडे बघतात.

गंमत पुढे आहे. ड्रममध्येच माल जमू नये म्हणून कंपनी त्यात मूलक खाणारा पदार्थ घालते. हार्डनर घातल्यावर पहिली काही मिनिटं हा पहारेकरी सगळे मूलक गिळत बसतो आणि वरून काहीच घडताना दिसत नाही. तो संपला की माल अचानक दह्यासारखा थिजतो. प्रत्येक जोडणीतून उष्णता निघते, उष्णतेने आणखी पेरॉक्साइड फुटतं, आणखी मूलक, आणखी उष्णता. म्हणून मगमध्ये उरलेला माल धूर सोडतो आणि तडकतो; तोच मॅटवर पातळ पसरला तर उष्णता हवेत जाते. अंदाजाने धरा, दर १० अंशांना वेळ निम्मा. २५ अंशांना २० मिनिटं हातात असतील तर ४५ अंशांना जेमतेम ५.

भाच्याला माल देणारा कारागीर म्हणतो, अमावस्येला माल धरत नाही. मी विचारलं, हार्डनर किती घालता? "एक बूच." कोणत्या बाटलीचं बूच? त्यावर तो हसला. १०० ग्रॅम रेझिनला १ ते २ ग्रॅम हार्डनर लागतं; त्याला २०० रुपयांचा वजनकाटा पुरे, पंचांग नको. काही जण हार्डनरला विरजण म्हणतात. शब्द गोड आहे, पण विरजण वाढत जातं, हे स्वतः खर्ची पडतं. आणि कोबाल्ट नि हार्डनर थेट एकमेकांत ओतू नका, स्फोट होतो. हार्डनर डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो. चष्मा घाला.

आता भाच्याची मूळ अडचण. बंपर आणि मडगार्ड यांच्यात १२ मिलिमीटरची फट होती. भाच्याने हीट गन घेतली, बादलीचं प्लॅस्टिक वाकतं तसं वाकेल म्हणून. बादलीच्या साखळ्या सुट्या असतात, गरम केल्या की सरकतात. इथे सगळ्या एकमेकींना बांधलेल्या. भाजलेल्या भाकरीचं परत पीठ मळता येत नाही. फार तापवलं तर थोडं मऊ पडतं, आणखी तापवलं तर जळतं.

फायबरला आकार बदलून द्यायचा तर कापावंच लागतं. चीर पाडायची, भाग हव्या त्या जागी धरून ठेवायचा आणि मागून नवी मॅट चढवायची. पण जुन्या पृष्ठभागावरचे दुहेरी बंध बहुतेक वापरून झालेले असतात, नव्या मालाला धरायला हात उरलेला नसतो. म्हणून जाड पॉलिश पेपरने काच दिसेपर्यंत घासायचं, आणि सांधा उतरता करायचा, जाडीच्या साधारण १२ पट लांब. ३ मिलिमीटर जाडीला ३६ मिलिमीटर. घासायचा कंटाळा म्हणून नुसती पुट्टी थापली तर पहिल्याच खड्ड्यात ती सांध्यावर तडकते, आणि आपल्याकडे खड्ड्यांना तोटा नाही.

ताण झेलतात ते काचेचे धागे. काच ठिसूळ असते ती तिच्यावरच्या सूक्ष्म भेगांमुळे; धागा जितका बारीक तितकी मोठी भेग मावायला जागा कमी. हे इंग्रज अभियंते ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये दाखवलं. १९५३ मध्ये अमेरिकेच्या शेव्हरोले कंपनीने कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचं अंग या मालाचं केलं, त्या वर्षी फक्त ३०० गाड्या निघाल्या. धागा आणि लगदा ही जोडी मात्र आपल्याला नवी नाही. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यात वनस्पतींचे तंतू आहेत, आणि आमच्या आजोळच्या भिंतींच्या मातीत भुसा होता.

राहिला उन्हाचा प्रश्न. भाचा चुकीच्या कारणाने बरोबर होता. माल कडक झाला की साखळ्या जागीच अडकतात आणि बरेच दुहेरी बंध न जोडता राहतात. उन्हाने त्या थोड्या सैल होतात, उरलेली जोडणी होते आणि माल किंचित आकसतो. रंग मारल्यावर हे घडलं तर चकचकीत बॉनेटवर मॅटची जाळी उमटते. म्हणून रंगाआधी ऊन दाखवावं. फक्त ज्या आकारात ऊन लागेल तोच आकार कायमचा होतो, आणि बंपर दोन विटांच्या मधे लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी मोजलं तर फट १५ मिलिमीटर. मग बंपर कापला, गाडीवर नेमका बसवून मागून तीन थर चढवले. बोल्टची भोकं लांबट केली, कारण ४० अंशांच्या फरकात मीटरभर फायबर साधारण १.२ मिलिमीटर वाढतं आणि लोखंड ०.५, भोक घट्ट असेल तर बोल्टपाशीच चीर जाते. मग बंपर गाडीवरच, अंगणात, दोन आठवडे उन्हात. गच्चीवर ताईने पापड घातले.