‘व्हॉट आर दे लाइक?’ या प्रश्नाची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये अंबडच्या कारखान्यात नव्या माणसाची चौकशी असो की कॉलेज रोडवरचा स्पोकन इंग्लिशचा क्लास, ‘हाउ इज हिज नेचर?’ हमखास ऐकू येतं. ‘स्वभाव कसा आहे?’ मनात ठेवून केलेलं ते इंग्रजी. रूढ इंग्रजीत ‘व्हॉट इज ही लाइक?’ असं विचारतात, आणि तो की ती हे ठाऊक नसेल तर ‘व्हॉट आर दे लाइक?’

एकट्यासाठी ‘दे’ हे आजचं फॅड नव्हे. जुन्या नॉर्समधून, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतून आलेला हा शब्द १३७५च्या सुमारासच एकवचनी अर्थाने लिहिलेला सापडतो. आडकाठी आली ती अठराव्या शतकात, एकाला एकवचनच हवं या व्याकरणकारांच्या हट्टातून. लिंडली मरी यांच्या १७९५च्या व्याकरणात ‘एनी वन’ला जोडलेलं ‘देअर’ चूक ठरवून ‘हिज’ बसवलं आहे. (‘यू’सुद्धा मुळात अनेकवचनीच, त्याला मात्र माफी!) १८५० मध्ये ब्रिटिश संसदेने कायद्याच्या भाषेत पुल्लिंगातच स्त्रीलिंग धरलं. आपल्याकडे तीच तरतूद १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १३मध्ये आली.

बोलण्यातून ‘दे’ कधी गेलंच नाही. २०१९ मध्ये मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं, त्याच वर्षी एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) लेखनपुस्तिकेच्या सातव्या आवृत्तीनेही ते मान्य केलं. स्वतःला स्त्री वा पुरुष न म्हणवणारेही ते वापरतात.

वापरताना चुका ठरलेल्या. माणूस एक म्हणून ‘इज दे’ म्हणायचं नाही, क्रियापद ‘आर’च. नावासोबत मात्र ‘इज’: ‘व्हॉट इज किरण लाइक? आर दे पेशंट?’ ‘व्हॉट डू दे लाइक?’ म्हटलं की प्रश्न आवडीनिवडीचा होतो, ‘हाउ आर दे?’ म्हटलं की तब्येतीचा. उत्तरात ‘लाइक’ गळतं: ‘दे आर क्वाएट बट हेल्पफुल.’ आपल्या ‘ते’सारखा आदर ‘दे’मध्ये नाही, त्यामुळे साहेबांसाठी ‘दे’ आणि शिपायासाठी ‘ही’ ही वाटणी इंग्रजीत चालत नाही. एखाद्याने स्वतःसाठी ‘शी’ सांगितलं असेल, तर ‘शी’च म्हणावं. आणि बोलणं अख्ख्या टीमबद्दल चालू असेल, तर आधी नाव किंवा हुद्दा घ्यावा, नाहीतर ऐकणारा सगळ्यांचे स्वभाव सांगत बसतो.