स्वयंचलित आयपी पत्तावाटपातील दोषशोधन

स्थानिक नेटवर्कवरील संगणक, प्रिंटर, मोबाइल, कॅमेरे इत्यादी उपकरणांना आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील ओळखीचा क्रमांक, आपोआप मिळण्याची व्यवस्था बिघडली असता तिचे कारण शोधून ती पूर्ववत करण्याची पद्धत. ही व्यवस्था बहुतेक ठिकाणी डीएचसीपी नावाच्या नियमसंचावर चालते, आणि पत्ते देणारा ‘सर्व्हर’ लहान ठिकाणी बहुधा राउटरमध्येच असतो. नाशिकमध्ये सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींतील लहान कारखाने, कॉलेज रोडवरील शिकवणी वर्ग, पंचवटीतील लॉज अशा ज्या ठिकाणी पगारी नेटवर्क-अभियंता नसतो, तेथे हे काम जवळच्या हार्डवेअरवाल्याकडे किंवा कार्यालयात ज्याला थोडेफार कळते त्याच्याकडे येते, आणि ‘पीसी आयपी उचलत नाही’ एवढ्या एका वाक्यात सगळे दुखणे सांगितले जाते. वाक्य एक असले तरी त्यामागची कारणे अनेक असतात. त्यांतले नेमके कोणते, हे सांगणारा पहिला पुरावा बहुधा त्याच पीसीच्या पडद्यावर असतो, तो म्हणजे त्या क्षणी त्याच्याकडे असलेला पत्ता. तो वाचून लिहून ठेवण्यापूर्वी राउटर बंद-चालू केला, तर तो पुरावा पुसला जातो.

संगणकाने सुरू होताच आपला पत्ता नेटवर्कवर विचारावा ही कल्पना १९८४ मधील ‘रार्प’ या नियमात आढळते. १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी ‘बूटपी’ मांडला. त्यात सामान्यतः प्रत्येक यंत्राचा पत्ता सर्व्हरवर आधी हाताने नोंदवून ठेवावा लागे. पत्ते ठरावीक मुदतीने देणे-घेणे डीएचसीपीने आणले. त्याचा पहिला मसुदा ऑक्टोबर १९९३ चा असून आज प्रचलित असलेला मार्च १९९७ चा आहे, आणि दोन्हींवर राल्फ ड्रॉम्स यांचे नाव आहे. बूटपीचे ६७ आणि ६८ हे पोर्ट (संदेश कोणासाठी ते सांगणारे क्रमांक) डीएचसीपीने तसेच ठेवले. सर्व्हर ६७ वर ऐकतो, मागणारे यंत्र ६८ वर.

व्यवहार चार संदेशांचा असतो. पत्ता नसलेले यंत्र ०.०.०.० या नावाने २५५.२५५.२५५.२५५ कडे, म्हणजे त्या जाळ्यावरील सर्वांना उद्देशून, ‘कोणी पत्ता देता का’ अशी हाक देते. ही पहिली पायरी ‘डिस्कव्हर’. सर्व्हर एक मोकळा पत्ता देऊ करतो, त्याला ‘ऑफर’ म्हणतात. यंत्र तो पत्ता रीतसर मागते ती ‘रिक्वेस्ट’, आणि सर्व्हर तो मंजूर करतो ती ‘अ‍ॅक’. पत्त्यासोबत सबनेट मास्क (आपले जाळे कोठपर्यंत ते सांगणारा), गेटवे (जाळ्याबाहेर जाण्याचे दार), डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा) आणि मुदत या गोष्टी येतात. मुदतीस ‘लीज’ म्हणतात, आणि भाडेकराराशी तिचे साम्य खरोखरच जवळचे आहे. निम्मी मुदत सरली की यंत्र त्याच सर्व्हरकडे नूतनीकरण मागते. ते न मिळाल्यास साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत संपल्यावर कोणत्याही सर्व्हरकडे मागते, आणि पूर्ण मुदत संपताच पत्ता सोडणे त्याला बंधनकारक असते. विंडोज सर्व्हरवरची नेहमीची आठ दिवसांची मुदत धरली, तर हे टप्पे चौथ्या, सातव्या आणि आठव्या दिवशी येतात. त्यामुळे पत्ते देणारा सर्व्हर सोमवारी बंद पडला, तरी जुन्या पीसींचे काम काही दिवस निर्धोक चालते आणि अडतो तो फक्त नव्याने आलेला लॅपटॉप. अशा वेळी सगळा दोष त्या लॅपटॉपच्या माथी मारला जातो. म्हणून तक्रार ऐकताना ‘आज काय बदलले’ एवढे विचारून पुरत नाही, गेल्या आठवड्यात काय बदलले हेही विचारावे लागते.

विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा ‘ऑल’ या पर्यायासह दिली की पत्ता, तो देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता आणि लीज सुरू होण्याची व संपण्याची वेळ दिसते. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर यंत्राने हाक दिली पण उपयोगी उत्तर आले नाही, असा त्याचा अर्थ होतो. हा पत्ता कोणी दिलेला नसतो. यंत्राने तो स्वतःच निवडलेला असतो आणि ‘हा दुसऱ्या कोणाकडे आहे का’ अशी चौकशी करून घेतलेला असतो. विंडोज ९८ पासून ही सोय आहे, आणि मे २००५ मध्ये तिचे रीतसर प्रमाणीकरण झाले. ‘१६९ चा आयपी आला’ म्हणजे नेटवर्क कार्ड खराब, ही समजूत फार पसरलेली आहे आणि तिच्यापायी चांगली कार्डे बदलली जातात. वास्तविक कार्डाची जोडणी लागल्याशिवाय हा पत्ता सहसा दिसतच नाही, त्यामुळे संशय आधी कार्डापलीकडच्या वाटेवर घ्यावा. त्याशिवाय विंडोज दर पाच मिनिटांनी पुन्हा हाक देत असते. उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाच्या पावसात वीज जाऊन आली आणि राउटर उभा राहण्याआधी पीसी सुरू झाला, तर हाच पत्ता दिसतो आणि थोड्या वेळाने आपोआप जातो.

वाटेची तपासणी हाताने सुरू करावी. केबलच्या टोकाच्या खटक्याचे प्लॅस्टिक तुटले असेल, तर ती पोर्टमध्ये बसल्यासारखी दिसते आणि टेबलाला धक्का लागताच सुटते. स्विचवरील (अनेक केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीवरील) त्या पोर्टचा दिवा लागतो का, केबल दुसऱ्या पोर्टमध्ये घातल्यावर काय होते, तीच केबल चालत्या पीसीला लावल्यावर काय होते, एवढ्या तीन प्रयोगांत केबल, पोर्ट आणि पीसी यांपैकी दोषी कोण ते बहुधा कळते. व्यवस्थापित स्विचवर, म्हणजे ज्याची मांडणी बदलता येते अशा स्विचवर, आणखी एक कारण संभवते. वर्तुळाकार जोडणी टाळण्यासाठीचा स्पॅनिंग ट्री नियम त्याच्या जुन्या रूपात नवे पोर्ट पंधरा-पंधरा सेकंदांच्या दोन टप्प्यांत तपासून मगच खुले करतो. त्या अर्ध्या मिनिटात पीसीच्या पहिल्या हाका वाया जातात. ज्या पोर्टला फक्त पीसी लागणार आहे त्याला ‘एज’ म्हणून घोषित केले की हा खोळंबा मिटतो.

पत्ता आला आहे पण तो अनोळखी आहे, हा प्रकार याहून फसवा. समजा अंबडमधील एका कारखान्याचे जाळे १९२.१६८.१० या मालिकेचे आहे. शॉप फ्लोअरवर मोबाइलला रेंज येत नाही म्हणून कोणी सुपरवायझर घरचा वाय-फाय राउटर आणतो आणि भिंतीवरच्या केबलचे टोक त्याच्या चार सारख्या पोर्टांपैकी एकात घालतो. वाय-फाय चालते, सगळे खूश होतात. मात्र त्या राउटरमध्येही डीएचसीपी सर्व्हर चालू असतो, आणि कोणत्याही पीसीने हाक दिली की दोघेही पत्ता देऊ करतात. बहुतेक यंत्रे आधी पोचलेली ऑफर घेतात, म्हणून सकाळी सुरू केलेल्या बारा पीसींपैकी पाचांना १९२.१६८.० चा पत्ता मिळतो. त्यांना बिलिंगचा सर्व्हर सापडत नाही, प्रिंटर सापडत नाही, आणि बंद-चालू केल्यावर त्यांतले दोन ‘बरे’ होतात तर चांगला असलेला एक बिघडतो. बाधित यंत्रे अशी आलटून-पालटून बदलू लागली की जाळ्यात दुसरा पत्तेवाला शिरला आहे, हे गृहीत धरून शोध घ्यावा.

त्याचा माग काढण्याची रीत ठरलेली आहे. बाधित पीसीवर ‘डीएचसीपी सर्व्हर’ या ओळीतील पत्ता पाहावा, पीसीवरील ‘एआरपी’ तक्त्यातून त्या पत्त्याचा मॅक क्रमांक, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, काढावा आणि व्यवस्थापित स्विचच्या तक्त्यात तो कोणत्या पोर्टवर दिसतो ते बघावे. साधा स्विच असल्यास एकेक केबल काढून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. पुष्कळदा पत्त्यावरूनच ओळख पटते. १९२.१६८.१३७ ही मालिका बहुधा इंटरनेट वाटून देण्याची सोय चालू ठेवलेल्या विंडोज लॅपटॉपची असते, तर १७२.२०.१० आयफोनच्या हॉटस्पॉटची. आणलेला राउटर फेकायचे कारण नाही. त्यातील डीएचसीपी बंद करावा, त्याला कारखान्याच्या मालिकेतील, वाटपाबाहेरचा एक मोकळा पत्ता द्यावा आणि केबल त्याच साध्या पोर्टमध्ये ठेवावी, म्हणजे तो केवळ वाय-फाय देणारा होतो. केबल ‘वॅन’ पोर्टमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या बाजूच्या वेगळ्या पोर्टमध्ये, लावली तर तो बाहेर पत्ते वाटत नाही, परंतु त्याच्यामागील यंत्रे एका वेगळ्या जाळ्यात जातात आणि कारखान्यातील इतर पीसींना ती दिसत नाहीत. कायमचा बंदोबस्त व्यवस्थापित स्विचवरील ‘डीएचसीपी स्नूपिंग’ या सोयीने होतो. पत्ते कोणत्या पोर्टवरून आले तर मान्य करायचे ते तीत ठरवून देता येते.

पंचवटीतील लॉजमध्ये दोष वेगळा असतो. तेथे पत्ते संपतात. नेहमीच्या एका मालिकेत २५४ पत्ते वापरता येतात, आणि अनेक घरगुती राउटर त्यांतले शंभर-दीडशेच वाटपासाठी ठेवतात. चाळीस खोल्यांच्या लॉजमध्ये खोलीमागे तीन मोबाइल धरले तरी रोजचे १२० होतात. यात्रेकरू रामकुंडावर स्नान आणि काळारामाचे दर्शन करून दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वरला निघून जातात, पण आठ दिवसांची मुदत असेल तर त्यांच्या मोबाइलच्या नावावरचा पत्ता अडकूनच राहतो. मोबाइल निघताना पत्ता परत करून जात नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत ३६० मागण्या होतात आणि संपूर्ण मालिकाही अपुरी पडते. मग व्यवस्थापक म्हणतो, ‘सिग्नल फुल आहे, तरी वाय-फाय लागत नाही.’ येथे जास्त शक्तीचा अँटेना घेणे व्यर्थ आहे. मुदत काही तासांवर आणावी, वाटपाची मालिका वाढवावी आणि कॅमेरे व कार्यालयाचे पीसी पाहुण्यांच्या जाळ्यातून वेगळे काढावेत. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाइल प्रत्येक वाय-फाय नावासाठी वेगळा, बनवलेला मॅक क्रमांक वापरतात. त्यामुळे मजल्यामजल्यावर वेगळे वाय-फाय नाव ठेवून मागे जाळे मात्र एकच असेल, तर एकच मोबाइल दोन-तीन पत्ते अडवून बसू शकतो.

मोठ्या संस्थांत जाळे विभागलेले असते आणि पीसीची हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. ती पोचवण्यासाठी राउटरवर ‘रिले’ नेमावा लागतो. एका विभागात कोणालाच पत्ता मिळत नसून शेजारच्या विभागात सुरळीत असेल, तर रिलेची नोंद किंवा पोर्टचा व्हीलॅन (जाळ्याच्या विभागाचा) क्रमांक चुकला असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

कारण तरीही हाती लागले नाही, तर वायरशार्कसारख्या साधनाने ६७ आणि ६८ पोर्टवरील संदेश पाहावेत. डिस्कव्हर जातो पण ऑफर येत नाही, तर वाट तुटलेली, सर्व्हर बंद किंवा पत्ते संपलेले. एका डिस्कव्हरला दोन ठिकाणांहून ऑफर आल्या, तर दुसरा पत्तेवाला आहे. रिक्वेस्टला अ‍ॅकऐवजी ‘नॅक’ आला, तर यंत्र दुसऱ्या जाळ्यातील जुना पत्ता मागत आहे. घरचा लॅपटॉप कार्यालयात आणल्यावर असे घडते, आणि नॅकनंतर यंत्र नव्याने सुरुवात करते म्हणून ते निरुपद्रवी असते. शिकवणी वर्गाच्या लॅबमध्ये एका पीसीची डिस्क इतरांवर क्लोन केली, म्हणजे जशीच्या तशी उतरवली, असेल, तर काही लिनक्स प्रणाली क्लोनसोबत आलेली एकच ओळख सर्व्हरला सांगतात, आणि सर्व्हर दोन पीसींना एकच पत्ता देतो.

आयपी आवृत्ती ६ मध्ये यंत्र राउटरच्या घोषणेवरून आपला पत्ता स्वतः बनवू शकते. एफई८० ने सुरू होणारा पत्ता तेथे प्रत्येक कार्डावर असतोच, तो १६९.२५४ सारखे बिघाडाचे लक्षण नव्हे.

सर्वांत चिवट दोष मात्र माणसाने केलेल्या उपायातून निर्माण होतो. पीसी आयपी उचलत नाही, गिऱ्हाईक घाई करते, म्हणून हार्डवेअरवाला हाताने १९२.१६८.१०.५० असा स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी टाकतो. नेट चालू होते, बिल दिले जाते. परंतु तो पत्ता सर्व्हरच्या वाटपाच्या मालिकेतच असेल, तर सर्व्हरला त्याची काहीच खबर नसते. काही सर्व्हर पत्ता देण्याआधी पिंग करून, म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तर येते का ते विचारून, पाहतात, पण तो पीसी त्या वेळी बंद असेल किंवा त्याची फायरवॉल पिंगला उत्तर देत नसेल, तर तोच पत्ता हजेरीच्या यंत्राला किंवा प्रिंटरला मिळू शकतो. मग दोघांपैकी कधी एक चालतो, कधी दुसरा, आणि मूळ बिघाड कोणता होता ते आता कोणीच सांगू शकत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते निदानाशिवाय टाकलेला स्टॅटिक आयपी ही दुरुस्ती म्हणून मोजूच नये. सीएनसी मशीन, डीव्हीआर, प्रिंटर यांना कायमचा पत्ता खरोखर लागतो. तो वाटपाच्या मालिकेबाहेर द्यावा, किंवा मॅक क्रमांकावरून सर्व्हरवरच राखून ठेवावा. राखीव पत्त्यात लाभ असा की यंत्रावरची मांडणी ‘ऑटोमॅटिक’ राहते आणि पुढे मालिका बदलली, तर प्रत्येक यंत्रापाशी जाऊन पत्ता बदलावा लागत नाही. राखीव नोंद केल्यावर यंत्रावरचा जुना स्टॅटिक आयपी काढून ते ऑटोमॅटिकवर आणावे, ‘रिलीज’ व ‘रिन्यू’ या आज्ञा द्याव्यात, आलेला पत्ता नोंदीशी जुळतो का ते पाहावे, आणि यंत्राचे नाव, मॅक क्रमांक, पत्ता व तारीख अशी ओळ राउटरजवळ ठेवलेल्या वहीत लिहावी.